बारा चकत्या, पाच मायक्रॉन

आत्याला एक मशीन हवं होतं.

घरात तशी तीन मशीनं होती, पण ती शिवणाची आणि ती तिच्या नवऱ्याची, म्हणजे टेलरची. आत्याला हवं होतं ते दादाच्या कारखान्यातलं. दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ. त्याच्या कारखान्याच्या दारातून आत शिरलं की उजव्या हाताला, हिरव्या रंगाचं, चांगलं टेम्पोएवढं एक ग्राइंडिंग मशीन फतकल मारून बसलेलं होतं. आत्याचा जीव त्याच्यावर जडला होता, आणि ही गोष्ट तिच्याशिवाय कुणालाच माहीत नव्हती.

हे मशीन काय करतं ते आधीच समजून घेतलेलं बरं, नाहीतर पुढचं सगळं डोक्यावरून जाईल. त्याला एक गोल लोखंडी टेबल असतं आणि ते गरगर फिरतं. टेबलाच्या पोटात मॅग्नेट. टेबलावर लोखंडाची वस्तू ठेवायची, मॅग्नेट चालू करायचा, की ती वस्तू अशी घट्ट बसते की पैलवान आला तरी घाम पुसत परत जाईल. मग वरून घासायचं चाक हळूहळू खाली येतं. ते तर टेबलाच्या दसपट वेगानं फिरत असतं. दुधासारखं पांढरं पाणी धो धो पडतं, ठिणग्यांचा पिसारा फुलतो, आणि वस्तू घासली जाते. किती? तर माणसाच्या एका केसाचे उभे सत्तर भाग करा. त्यातला एक भाग म्हणजे एक मायक्रॉन. तसल्या मापात. खडबडीत लोखंड आत जातं आणि बाहेर येतं ते चेहरा बघून भांग पाडावा असं!

सव्वीस वर्षं हे मशीन कारखान्यातल्या जुन्या मास्तरांनी चालवलं. मशीनचं नाव महाराणी, तेही त्यांनीच ठेवलेलं. कारण रोज सकाळी तिला अर्धा तास नुसतं रिकामं फिरवावं लागायचं. अंग गरम झाल्याशिवाय ती कामाला हात लावत नसे. तिच्या चाकाचं तोंड साफ करायला हिराच लागायचा, दुसरं काही चालायचं नाही. मास्तर कुणाला जवळ फिरकू द्यायचे नाहीत. पण शेवटच्या वर्षी त्यांची कंबर धरली, आणि मग ते स्टुलावर बसून नुसत्या हातवाऱ्यांनी सांगायचे आणि मशीनची हँडलं फिरवायची ती आत्या. दादा बाहेर कामाला गेला की हे चालायचं. दोघंही चोरासारखे दाराकडे बघत असायचे.

आत्याचं खरं काम तपासणीचं. आतल्या कोपऱ्यात, भिंतीला लागून तिचं टेबल. त्यावर काळ्या ग्रॅनाइटचा एक जाडजूड, कमालीचा सपाट दगड. दगडावर वस्तू ठेवायची, स्टँडला लावलेल्या डायलची सुई तिच्यावरून फिरवायची आणि आकडा वाचायचा. नऊ वर्षं तिनं आकडे वाचले. दुसऱ्यांनी बनवायचं आणि आपण वाचायचं. दादाच्या मुलीनं लहानपणी तिला 'आत्या' म्हणून हाक मारली ती सगळ्या कारखान्याला चिकटली. तिच्याहून वीस वर्षांनी मोठे लेथवालेसुद्धा तिला आत्याच म्हणत.

मास्तर दोन महिन्यांपूर्वी निवृत्त होऊन लेकीकडे राहायला गेले. महाराणीवर कापड पडलं. मंगळवारी दुपारी जेवताना दादानं सहज सांगावं तसं सांगितलं, "मशीनला गिऱ्हाईक आलंय. सोमवारी गाडी घेऊन येतो म्हणालाय. दाराचं माप पण घेऊन गेला."

आत्याच्या हातातला चमचा डब्यातच राहिला.

"का पण?"

"चालवणार कोण? पंपवाल्यांच्या बारा चकत्या येऊन पडल्यात. भट्टीत कडक करून आणलेल्या, पातळ, त्यात थोड्या वाकलेल्या. बाहेर कुणी हात लावायला तयार नाही. त्या पण परत पाठवतो."

"मी चालवते," आत्या म्हणाली.

हे वाक्य आपण बोललो की शेजारी कुणी बोललं, हे तिला क्षणभर कळलंच नाही.

"काय चालवतेस?"

"महाराणी."

"अगं, ते शिकायला मास्तरांची पंचवीस वर्षं गेली."

"मग आजच सुरुवात केलेली बरी, नाही का?"

वहिनी, म्हणजे दादाची बायको, कारखान्याची सगळी कागदपत्रं सांभाळायची. ती डब्याचं झाकण लावता लावता हसली. "घ्या! द्या आता उत्तर."

लेथवाल्यांनी मिशीवरून हात फिरवला. "आत्या, एक सांगू? त्या टेबलावरून चकती सुटली ना, की मग शेजारच्या गल्लीत जाऊन विचारावं लागतं, आमची चकती आली का हो इकडे? तो पत्रा बघ."

मशीनच्या बाजूच्या पत्र्याला बशीएवढा पोचा होता. मास्तरांच्या काळात एकदा मॅग्नेट कमी पडला आणि चकती उडाली, त्याची ती आठवण. आत्यानं पोच्यावरून नजर काढून घेतली. पण बोललेलं तोंडातून बाहेर पडलं होतं, आणि सगळे तिच्याकडे बघत होते.

दादा उठला, हात धुतले, पुसले, उगाच पुन्हा धुतले. हा त्याचा विचार करायचा प्रकार. मग म्हणाला, "शनिवारी पंपवाल्यांचे साहेब तपासायला येणार आहेत. पाच मायक्रॉनच्या आत सपाट पाहिजेत. बाराच्या बारा पास झाल्या, तर महाराणी तुझी, सोमवारची गाडी मी परत पाठवतो. एक जरी नापास झाली..."

"तर?"

"तर तू तुझ्या कोपऱ्यात आणि ती गाडीत. मग माझ्याशी भांडायचं नाही."

"नाही भांडणार," आत्या म्हणाली. दोघा बहीणभावांच्या आयुष्यात हे वचन याआधी कुणी पाळलेलं नव्हतं.

बुधवारी सकाळी तिनं महाराणीवरचं कापड काढलं, केस घट्ट बांधले, बाह्या वर दुमडल्या. अर्धा तास रिकामं फिरवलं. हिऱ्यानं चाकाचं तोंड साफ केलं. मग पहिली चकती टेबलाच्या बरोबर मध्यावर ठेवली. चकती म्हणजे ताटलीएवढी गोल, मध्ये भोक, आणि जाडी दोन नाणी एकमेकांवर ठेवली तर होईल तेवढी. मॅग्नेटच्या खटक्यावर एक ते दहा आकडे होते. आत्यानं पत्र्याच्या पोच्याकडे पाहिलं आणि खटका सरळ दहावर नेला. चकती टेबलाला 'ठक्' करून चिकटली.

"आता उड बघू," आत्या तिला म्हणाली.

उडाली नाही. पाणी पडलं, ठिणग्या फुलल्या, चाक सरसरत गेलं. आत्या एकेक मायक्रॉन चाक खाली घेत होती आणि श्वाससुद्धा मोजून सोडत होती. शेवटी तिनं चाक खाली घेणं थांबवलं आणि ठिणग्या आपोआप विझेपर्यंत त्याला नुसतंच फिरू दिलं. मास्तर असंच करायचे. शेवटची ठिणगी विझली की समजायचं, घासण्यासारखं काही उरलेलं नाही. टेबल थांबलं. तिथंच डायल लावून तिनं सुई चकतीवरून फिरवली. सुई गाढ झोपलेली! एक मायक्रॉन इकडे नाही की तिकडे नाही.

"दादा!" आत्या अशी ओरडली की वहिनी आतून पळत आली. "सुई बघ! हलत नाही!"

मग मॅग्नेट बंद केला, चकती उलटून पुन्हा मॅग्नेट लावून दुसरी बाजूही तशीच घासली, चकती सोडवली, पुसली, आणि आपल्या नेहमीच्या काळ्या दगडावर नेऊन ठेवली. सुई फिरवली.

सुई जागी झाली. नुसती जागी नाही, नाचायलाच लागली. बत्तीस मायक्रॉन! चकती मध्ये फुगलेली, कडेला खाली. ताटली उपडी घातल्यासारखी.

आत्यानं डायल बदलून पाहिला. बत्तीस. दगड पुसून पाहिला. बत्तीस. दुसरी चकती घेतली. मशीनवर एकदम सपाट, दगडावर अठ्ठावीस. तिसरी, छत्तीस. आता मात्र तिला घाम फुटला.

"आत्या, पंपाच्या चकत्या करायच्यात की जेवायच्या ताटल्या?" लेथवाले लांबूनच म्हणाले. "नाही, ताटल्या असतील तर मला दोन दे. घरच्या फुटल्यात."

"तुमचं लेथ बघा, नाहीतर नट जाईल उडून!"

"माझा नट उडाला तर निदान कारखान्यात सापडतो."

आत्यानं मास्तरांना फोन लावला. तो त्यांच्या नातवानं उचलला, "आजोबा झोपलेत" म्हणाला आणि ठेवून दिला. तासाभरानं पुन्हा लावला. "आजोबा अजून झोपलेत." तिसऱ्यांदा लावल्यावर नातू म्हणाला, "तुम्ही पण झोपा ना," आणि फोन बंदच केला. म्हणजे ती वाट खुंटली. अजून घासायला पुरेसं लोखंड चकत्यांवर शिल्लक होतं, हाच काय तो दिलासा. पण असंच चालू राहिलं असतं तर चकत्या पातळ होत होत कागद झाल्या असत्या.

संध्याकाळी ती घरी आली ती तोंड पाडूनच. टेलर मोठ्या टेबलापाशी उभा होता. शाळेच्या खेळाच्या संघासाठी ताणल्या जाणाऱ्या कापडाचे अठरा टी-शर्ट शिवायचे होते. एका हातात कात्री आणि दातात तीन टाचण्या.

"कितीचा फरक आला?" त्यानं टाचण्यांमधूनच विचारलं.

"बत्तीस मायक्रॉन."

"म्हणजे किती ते?"

"अर्धा केस."

टेलरनं टाचण्या तोंडातून काढल्या. "अर्ध्या केसासाठी तू असं तोंड केलंयस? मी अर्धा इंच इकडेतिकडे झालं तरी शिलाईत दाबून घेतो. गिऱ्हाईक वर चहा पाजतं."

"अहो, थट्टा नको हो. मशीनवर असते तोपर्यंत एकदम सपाट. मॅग्नेटनं अशी धरून ठेवलेली असते ना, हलायची टाप नाही तिची. आणि सोडली की लगेच फुगते. मी घट्ट धरण्यात काहीसुद्धा कसर ठेवलेली नाही. पूर्ण दहावर!"

"पूर्ण दहावर?" टेलरनं विचारलं. मग हसायला लागला. इतका हसला की त्याला कात्री खाली ठेवावी लागली.

"काय झालं? हसताय काय?"

"इकडे ये. हे कापड धर. ताण. अजून ताण. हं." आत्यानं दोन्ही हातांनी कापड ताणून टेबलावर दाबून धरलं. टेलरनं त्यावर पट्टी ठेवून खडूनं सरळ चौकोन आखला आणि सरसर कापला. "आता सोड."

आत्यानं सोडलं. चौकोन आक्रसला, कडा वाकड्या झाल्या, कोपरे वर आले. चौकोन म्हणायची सोय उरली नाही.

"काम शिकायला येतं ते प्रत्येक पोर पहिल्या दिवशी हेच करतं," टेलर म्हणाला. "कापड हलू नये म्हणून ताणून धरतं. अगं, ताणून कापलंस तर ते ताणलेल्या कापडाचं माप झालं. सोडल्यावर ते आपल्या मूळ जागी जाणारच! हलक्या हातानं पसरायचं. त्याला पाहिजे तसं बसू द्यायचं. मग कापायचं."

आत्या त्या वाकड्यातिकड्या तुकड्याकडे बघत राहिली. मग तिनं टेलरच्या पाठीत असा धपाटा घातला की टेबलावरच्या टाचण्या टेबलाखाली गेल्या.

"अहो! तुम्ही किती हुशार आहात!"

"हे लग्नाला सतरा वर्षं झाल्यावर कळलं का?" टेलर टेबलाखालून म्हणाला. "आणि टाचण्या कोण शोधणार आता?"

गुरुवारी सकाळी आत्या कारखान्यात सगळ्यांच्या आधी हजर. तिनं न घासलेली एक चकती महाराणीवर ठेवली, मॅग्नेट बंदच ठेवला. फटी मोजायच्या पातळ पोलादी पट्ट्यांचा जुडगा घेतला आणि एक पट्टी चकतीखाली सरकवून पाहिली. गेली. त्याहून जाड? गेली. मध्याशी मोठी फट होती, एकशेवीस मायक्रॉनची. मग तिनं मॅग्नेट दहावर टाकला. आता सगळ्यात पातळ पट्टीसुद्धा आत जाईना.

म्हणजे झालं होतं ते असं. वाकलेली चकती मॅग्नेट दाबून सपाट करत होता, त्या दाबलेल्या अवस्थेत आत्या तिला सुंदर घासत होती, आणि सोडली की बिचारी आपली पाठ पुन्हा वाकवून बसत होती. उडण्याच्या भीतीनं आत्यानं तिला इतकं घट्ट धरलं होतं, की ती खरी कशी आहे ते दिसतच नव्हतं.

टेलरच्या पॅटर्नचा मेणकट पातळ कागद तिनं पिशवीतून आणला होता. मापून पाहिला तर चाळीस मायक्रॉन. तीन थर म्हणजे एकशेवीस! तिनं कागदाचे गोल कापले आणि चकतीच्या मध्याखाली, जिथं फट होती तिथं, सारले. आता मॅग्नेटनं ओढलं तरी चकतीला खाली दबायला जागाच नव्हती. मग खटका दहावरून खाली आणला. आठ. सहा. चार. तीन.

"तीनवर?" लेथवाले हातातलं काम टाकून आले. "आत्या, मी आज दुपारनंतर आलो तर चालेल का?"

"थांबा तिथंच आणि बघा."

तिनं चकतीच्या भोवती चार बाजूंनी जाड लोखंडी पट्ट्या चिकटवल्या, चकतीहून किंचित ठेंगण्या. कुंपणच घातलं म्हणा ना. पट्ट्या जाड, म्हणजे मॅग्नेटवर त्या पक्क्या बसणार, आणि चकती सरकली तरी कुंपणाला अडणार. उडायचा प्रश्नच नाही. लेथवाल्यांनी पट्टी हलवून पाहिली, मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "हं." त्यांच्या 'हं'ला कारखान्यात मोठी किंमत होती.

आत्यानं हलका हलका घास घेतला. एक बाजू पूर्ण चमकल्यावर चकती उलटली. आता खाली सपाट बाजू होती, कागदाची गरज उरली नव्हती. दुसरी बाजू घासली. पुन्हा उलटली, त्याहून हलका घास. पुन्हा उलटली. प्रत्येक वेळी ठिणग्या विझेपर्यंत थांबली. मग मॅग्नेट सोडला, चकती पुसली, काळ्या दगडावर ठेवली, आणि एक डोळा मिटूनच सुई फिरवली.

तीन.

ती ओरडली नाही. तिनं चकती दोन्ही हातांत धरली आणि कारखान्याच्या मधोमध स्वतःभोवती एक गिरकी घेतली. दादानं काचेतून पाहिलं आणि वहिनीला म्हणाला, "बरी आहे ना ही?" वहिनी म्हणाली, "आज पहिल्यांदाच बरी दिसतेय."

शुक्रवारी चहाच्या वेळेपर्यंत बाराच्या बारा चकत्या झाल्या. बुधवारच्या बिघडलेल्या तिन्हीसुद्धा. सगळ्यांत मोठा आकडा चार.

शनिवारी अकरा वाजता साहेब आले. उंच, किडकिडीत, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आणि कपाळावरची आठी जन्मापासूनची असावी इतकी खोल. आल्याआल्या म्हणाले, "एक वाजता मला दुसरीकडे जायचंय. दगड कुठाय?" आत्यानं कोपरा दाखवला. "छे, इथं अंधार आहे. मला आकडे दिसले पाहिजेत. खिडकीपाशी घ्या."

दादानं आणि लेथवाल्यांनी तो जड दगड उचलून खिडकीखालच्या टेबलावर नेला. आत्यानं तोंड उघडलं आणि मिटलं. नऊ वर्षं तिनं साहेबलोकांना एकच वाक्य ऐकवलेलं होतं, "हो साहेब." दुसरं वाक्य तयारच नव्हतं. खिडकीतून उन्हाचा लखलखीत पट्टा आला होता आणि दगडाच्या अर्ध्या भागावर पसरला होता. साहेबांनी आधी कागद वाचले, चहा प्यायला, बिस्किट बुडवलं, ते पडलं, ते चमच्यानं काढलं. अर्धा तास गेला. मग पहिली चकती घेतली.

"सात," साहेब म्हणाले.

दुसरी. "सात." तिसरी. "आठ."

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. दादानं डोळे मिटून घेतले. लेथवाल्यांनी जमिनीवर काहीतरी शोधायला सुरुवात केली. आणि आत्याला मशीन गाडीत चढताना दिसलं, अगदी दोरखंडासकट.  आता 'हो साहेब' म्हणायची वेळ होती, पण तोंडातून बाहेर पडलं ते वेगळंच होतं.

"साहेब, पेन खाली ठेवा."

सगळा कारखाना थांबला. वहिनी दारातच उभी राहिली.

"काय म्हणालात?"

"लिहू नका. आधी ही चकती परत ठेवा. जिथं आकडा जास्त आला तिथं खूण करा. तुमच्याच पेनानं."

साहेबांच्या आठीत आणखी एक आठी पडली. पण त्यांनी खूण केली. खिडकीच्या बाजूला.

"आता चकती अर्धी फिरवा. खूण माझ्याकडे आणा. चकतीत दोष असेल तर फुगवटा खुणेबरोबर माझ्या बाजूला येईल. बरोबर?"

"बरोबर."

"फिरवा सुई."

साहेबांनी सुई फिरवली. खुणेपाशी काही नव्हतं. फुगवटा खिडकीच्या बाजूलाच होता, जिथल्या तिथं. साहेबांनी चकती पाव फिरवली. फुगवटा खिडकीपाशी. पुन्हा फिरवली. खिडकीपाशी! त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला.

"दगडाला ऊन लागलंय, साहेब," आत्या म्हणाली. "वरून तापलाय, खालून गार आहे. एका बाजूनं पोट काढून बसलाय. चकत्यांना काही झालेलं नाही. दगड कोपऱ्यात ठेवतो, तासभर निवू दे. मग मोजा."

"माझ्याकडे तासभर नाहीये, बाई."

"मग नापास पण करायच्या नाहीत."

दादा घाईनं पुढे आला. "साहेब, तिला म्हणायचंय..."

"मला तेच म्हणायचंय, दादा."

साहेबांनी एकदा दगडाकडे, एकदा घड्याळाकडे पाहिलं. मग त्यांनी पेनाला टोपण लावलं. "माझ्या हाताखाली चौदा जण आहेत," ते म्हणाले. "एकानंही मला असं दटावलं नाही कधी." आणि फोन काढून कुणालातरी सांगितलं, की मी दोन वाजता येतो.

तो एक तास कुणालाच सरता सरत नव्हता. सव्वाबाराला टेलर आला. आत्याचा डबा घरी राहिला म्हणे. डबा तर आत्याच्या टेबलावर होता. त्याच्या हातातला डबा रिकामा निघाला. घरात बसवेना, हे काही त्याला कबूल करायचं नव्हतं. मग त्याचं लक्ष साहेबांच्या कोटाकडे गेलं.

"तुमचं मधलं बटण सुटलंय हो. काढा कोट."

"अहो, राहू द्या."

"काढा म्हणतो ना. हे मला बघवत नाही."

"तुमच्या घरात सगळे असेच बोलतात का?" साहेबांनी कोट काढत विचारलं. वहिनीला हसू आवरेना, म्हणून ती आत पळाली.

बटण लागलं, बाही उसवली होती तीही शिवून झाली, आणि टेलरनं साहेबांना पटवून दिलं की हा कोट खांद्याला मुळातच ढगळ आहे. एव्हाना कोपऱ्यात परत नेलेला दगड निवला होता. आत्यानं हाताचा मागचा भाग त्याला लावून पाहिला, वर आणि खाली. मान हलवली.

साहेबांनी पहिल्यापासून सुरुवात केली. तीन. दोन. चार. तीन.  सहावीला लेथवाले जवळ येऊन उभे राहिले. नववीला दादानं आत्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो काढायचं विसरून गेला. अकरावी, तीन. बारावी.

सुई सरकली, थांबली, पुन्हा थोडी सरकली. आत्या कालपर्यंत ओळखत होती ती चकती ही नव्हतीच! सुई पाचाच्या रेघेला टेकली आणि तिथं उभी राहिली. साहेबांनी खाली वाकून पाहिलं. मग चष्म्यावरून पाहिलं. मग सुई उचलली, चकतीचा खालचा पृष्ठभाग बोटानं पुसला. बिस्किटाचा कण होता, त्यांचाच. पुन्हा ठेवली.

तीन.

"बाराच्या बारा," साहेब म्हणाले, आणि त्यांच्या कपाळावरची आठी गेली नाही, पण जरा हलली. "पुढच्या महिन्यात चाळीस पाठवतो. याच बाईंनी करायच्या."

लेथवाल्यांनी टाळी वाजवली. टेलरनं रिकामा डबा बडवला. वहिनी आतून म्हणाली, "झालं का? मी बघितलं नाही! पुन्हा मोजा!" दादा फोन घेऊन कोपऱ्यात गेला, आणि तिथून त्याचा आवाज ऐकू आला, "नाही, विकायचं नाही. अहो, दाराचं माप घेतलं असेल, पण मशीन चालवणारं माणूस घरातच सापडलं. हो. बहीण. नाही, आधी सांगितलं नव्हतं तिनं."

तो परत आला तेव्हा आत्या महाराणीच्या मागे वाकून, नाक मुरडून तिच्या पाण्याच्या टाकीत बघत होती.

"दादा, हे पाणी मास्तर गेल्यापासून बदललेलं नाही. वास येतोय. चाळीस चकत्या करायच्या तर टाकी धुवून नवं भरायला पाहिजे."

"बदलू की. सांगतो कुणालातरी."

"कुणालातरी नाही. मशीन आता माझं आहे, आणि मशीनचं काम कुणी करायचं ते मी ठरवणार. सोमवारी तुला गाडीची वाट बघायची नाहीये, म्हणजे तू मोकळाच आहेस." तिनं खिळ्यावरचे रबरी हातमोजे काढून त्याच्या हातात ठेवले. "जुने कपडे घालून ये."